व्हर्नाबाईंचा गृहपाठ

समाजशास्त्राच्या व्हर्ना हॅल्वरसनबाईंनी पहिल्या वर्षाच्या पोरांना गृहपाठ दिला: सगळे मुकाट्याने पाळतात असा एखादा अलिखित नियम मोडा, आणि लोक काय करतात ते सांगा. मिनेसोटातल्या आमच्या छोट्या कॉलेजात ‘सामाजिक शास्त्रांची ओळख’ हा विषय पाच जण वाटून शिकवतात. अर्थशास्त्र एमेट स्ट्रँडकडे, मानसशास्त्र लॉरेनकडे, राज्यशास्त्र आणि मानववंशशास्त्र आणखी दोघांकडे. बाकीच्या शाखा निमूटपणे पुस्तकात राहतात. व्हर्नाबाईंची मात्र दरवर्षी वर्गाबाहेर पडते.

दुसऱ्याच दिवशी पोरं लिफ्टमध्ये दाराकडे पाठ करून उभी राहिली. एकीने कॉफीवालीशी डोळ्यांत पाणी आणून घासाघीस केली. एकाने कॅफेटेरियात अनोळखी माणसाच्या ताटातले तळलेले बटाटे उचलून खाल्ले, आणि तो माणूस नेमका डीनसाहेबांचा पाहुणा निघाला.

डीन कडाडले, “व्हर्ना, हे कॉलेज आहे की सर्कस?”

“सर्कशीला तिकीट असतं,” बाई म्हणाल्या खऱ्या, पण धास्तावल्या. त्यांनी लगेच सगळ्यांना ईमेल पाठवली. या आठवड्यात कोणी विचित्र वागलं तर चिडू नका, तो गृहपाठ आहे, हसून दाद द्या.

मंडळींनी हे फारच मनावर घेतलं. शुक्रवारी खुद्द डीन बर्फावरून घसरून आडवे झाले, तर भोवती घोळका जमून टाळ्या!

“अरे, उठवा मला!”

“वा! कण्हणंसुद्धा काय हुबेहूब!”

त्याच दुपारी एमेट टाय लावून व्हर्नाबाईंच्या दारात उभा राहिला. तो विधुर, त्या अविवाहित. कित्येक वर्षं दोघं एकाच टेबलावर जेवत होते. सगळ्या कॉलेजला दिसत होतं ते या दोघांनीच कधी बोलून दाखवलं नव्हतं.

“व्हर्ना, माझ्याशी लग्न करशील?”

हसता हसता बाई खुर्चीतून पडायच्याच बाकी राहिल्या. “अरे, तूसुद्धा? लॉरेन, पळत ये! अर्थशास्त्राने माझा गृहपाठ केलाय!”

पटापट दारं उघडली. पुन्हा टाळ्या. एमेटने सगळ्यांकडे बघून हसल्यासारखं केलं, टाय सैल केला आणि “बरंय” म्हणून तो निघून गेला.

“काय नट आहे मेला!” बाई डोळे पुसत म्हणाल्या.

लॉरेन हसत नव्हती. “व्हर्ना, तो आठवडाभर डलुथला बहिणीकडे होता. आज आलाय.”

“मग?”

“मग त्याला गृहपाठाचं सांगितलं कोणी? तो ईमेल तरी कधी उघडून बघतो का?”

बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. कोट न घालताच त्या बर्फातून त्याच्या घरापर्यंत गेल्या. एमेटने दार उघडलं तेव्हा दम लागून त्यांना बोलता येईना.

“तू... खरंच विचारत होतास?”

“हो.”

“मग माझं हो आहे! गाढव आहे मी, पण हो आहे.”

एमेट म्हणाला, “बहीण कधीची मागे लागलीय, तिकडे येऊन राहा म्हणून. म्हटलं, आधी तुला विचारावं. तू हसलीस, मग घरी आल्या आल्या तिला फोन केला, येतो म्हणून.”

“मग परत कर फोन. नाही म्हण.”

“म्हणता येईल गं. पण मनातली सगळ्यात खरी गोष्ट बोललो, आणि सगळ्यांना ती गंमत वाटली. तुलाही. आता पुन्हा तुझ्याशी लग्नाचं बोलायला गेलो तर माझ्या कानात टाळ्याच वाजतील.”

जाऊ नकोस, एवढंच म्हणायचं होतं. ते बाईंच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथेच अडलं.

“डलुथला वारा फार असतो,” त्या म्हणाल्या. “जाड कोट ने.”

“नेतो.”

नाताळच्या सुट्टीत तो गेला. कॉलेजला बरेच दिवस चुटपुट लागून राहिली. जेवणाच्या वेळी बाईंच्या टेबलाशी जायला कोणी धजेना. त्यात नवा माणूस मिळेना, म्हणून डीननी अर्थशास्त्राचे तास व्हर्नाबाईंच्याच गळ्यात मारले. पहिलाच धडा होता संधीची किंमत. एक गोष्ट घेताना जी दुसरी हातातून जाते, तिचं मोल.

“प्रोफेसर, डोक्यावरून गेलं,” मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली. “रोजच्या आयुष्यातलं एखादं उदाहरण द्या ना.”

बाईंनी फळ्याकडे वळून ‘संधीची किंमत’ पुसलं आणि पुन्हा लिहिलं. मग वळल्या, आणि त्यांनी उदाहरण दिलं: एकाच शेतात मका घ्यायचा की सोयाबीन.