विजयी पिचरचा सत्कार

आपली मुलगी ज्ञानेश्वरी आता शाळेकडून खेळणार नाही, हे मच्छिंद्रनं श्रीगोंद्याजवळच्या आपल्या गावात अशा थाटात सांगितलं, की ऐकणाऱ्याला वाटावं साखर कारखान्याचा चेअरमनच बदलला.

"क्लबात घातली. नगरला. अ‍ॅकॅडमी हाय तिथं," तो चहाच्या टपरीवर म्हणाला.

"शाळंत काय वाईट हुतं?" टेम्पोवाल्या जैनुद्दीननं विचारलं. त्याची मुलगी फलक ज्ञानेश्वरीच्याच वर्गात, नववीत, आणि शाळेच्याच टीममध्ये.

"चांगलं काय हाय ते सांगा, जैनुद्दीनभाई. गोरक्ष सर भूगोल शिकवनार, खिचडीची चव बघनार, मतदारयाद्या करनार, आन उरल्या येळात सॉफ्टबॉल. मैदानात निम्म्या शेळ्या."

त्याच शेळ्यांमध्ये पोरगी तालुक्यातली सगळ्यात जोरकस पिचर, म्हणजे बॉल टाकणारी, झाली होती. पण पोरीला बॉल हवा असतो आणि बापाला बॅनर, त्याला कोण काय करणार?

क्लबाला काचेचं दार होतं. गुलाबी टी-शर्टावर वाघ होता. प्रशिक्षक हर्षल सरांना गॉगल होता. एवढ्यावर मच्छिंद्र खूश. दर रविवारी ज्ञानेश्वरी एसटीनं नगरला जायची आणि इस्त्री न मोडता परत यायची.

"आज काय शिकवलं?"

"बॉल टाकतानाचा व्हिडिओ काढला."

"मंजी टाकला की बॉल."

"व्हिडिओपुरता. पप्पा, तिथं आमी चारच पोरी हाय. जिल्हा स्पर्धा आलीय, मला पिचिंग करायचंय. शाळंतच खेळू द्या ना."

"क्लबाकडनं कर की. हर्षल सर म्हनलेत, पिचर तूच."

"सॉफ्टबॉलला नऊ पोरी लागत्यात म्हनं. बाकीच्या पाच कुठनं आननार?" आई चांगुणानं भाकरी थापता थापता विचारलं. बाईमाणसाला खेळातलं काय कळतं, असं तोंड करून मच्छिंद्र बाहेर पडला आणि थेट फ्लेक्सवाल्याकडं गेला.

फ्लेक्सवर मुलीचा फोटो पासपोर्टएवढा, बापाचा दाराएवढा. शिवाय विजयी पिचरचा सत्कार आपल्याच हस्ते होईल, हेही त्यानं संयोजकांना पटवलं. शाल-नारळ त्याचा, मग संयोजकांचं काय जातंय? बाप आपल्याच पोरीला शाल घालणार, यात गावात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. आपल्याकडं सत्कार आधी ठरतो. पराक्रमाचं नंतर बघता येतं.

स्पर्धेच्या दिवशी जैनुद्दीनच्या टेम्पोत गाव भरून तो नगरला पोचला. मैदानावर नऊ गुलाबी वाघ उभे होते. त्यातला एकही त्याचा नव्हता. तिथं गोरक्ष सरांची अख्खी शाळेची टीम होती, आणि बॉल फलकच्या हातात होता. क्लबाच्या चारही पोरी बाकावर. ज्ञानेश्वरीच्या मांडीवर सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या.

"हर्षल सर, पिचर माझी पोरगी हाय."

"भाऊ, चार पोरींवर कसं खेळायचं? शाळेकडं स्पर्धेला यायला पैसे नव्हते, आमच्याकडं पोरी नव्हत्या, म्हणून त्यांची अख्खी टीमच क्लबाच्या नावावर उतरवली. आता यांची जमलेली टीम मोडली तर हरू. क्लबाच्या नावाचा प्रश्न आहे."

"मग आमी क्लबात कशाला आलो?"

"क्लब वेगळा, टीम वेगळी."

मच्छिंद्र गोरक्ष सरांकडं धावला. "सर, तुमी तरी सांगा."

"मी काय सांगू? टीम तुमच्या क्लबाची हाय," सर मैदानावरची नजर न हलवता म्हणाले.

क्लब जिंकला. सरावाला कधी मैदानात न उतरलेल्या हर्षल सरांनी 'आमची मेहनत' या विषयावर भाषण केलं. मग माइकवरून पुकारा झाला: विजयी पिचर फलक हिचा सत्कार, मच्छिंद्रभाऊंच्या शुभहस्ते.

पळून जावं तर टेम्पो जैनुद्दीनचा. मच्छिंद्रनं शाल घातली.

"नारळ जरा खाली धरा, भाऊ," जैनुद्दीन मोबाईल सरसावत म्हणाला. "तुमचं तोंड झाकतंय. आन हसा की थोडं."

सगळ्यात जोरात टाळ्या ज्ञानेश्वरी वाजवत होती. मैत्रीण जिंकली होती. डोळे मात्र तिनं दोनदा बाहीनं पुसले.

परतताना टीमही टेम्पोतच बसली. श्रीगोंदा जवळ आल्यावर ज्ञानेश्वरीनं हळूच विचारलं, "सर, सोमवारपासनं येऊ का शाळंच्या टीममध्ये?"

"ये की. पन पिचरची जागा आता फलकनं कमावलीय. तुला मागं, पार कडेला उभं राहावं लागंल. परत मिळवायची आसंल तर रोज टाकून दाखवायचं."

"रोज टाकते," ती म्हणाली. फलकनं सरकून तिला शेजारी जागा केली.

मच्छिंद्रनं पुढच्या सीटवरून मान वळवली. "सर, माझं काय म्हननं हाय, पिचरच्या बाबतीत जरा..."

"तुमी गप बसताय," मागून चांगुणा म्हणाली, "का तुमालाबी क्लबात घालू?"