खोडीचं कार्ड

"अब्बा, खोडीचा बैल कसा विकतेत?"

शाहिस्तानं विचारलं आणि दाराबाहेर तिची मैत्रीण नीरजा खुदकन हसली. पैज तिनंच लावली होती. बैलबाजारात दलाली करणाऱ्या हैदरला धंद्यातलं विचारायची घरात कुणाची छाती नव्हती. पण शाळेच्या संघात विकेटकीपर झाल्यापासून शाहिस्ता कुणाच्या बापाला भीत नव्हती. आज तर स्वतःच्याच बापाला विचारत होती.

"खोड आधी सांगायची, किंमत मागून," हैदर दाढी खाजवत म्हणाला. "लपवलेली खोड बाजारभर फिरती. पर तुला कशाला बैल?"

"बैल न्हाय, कार्ड."

हैदरच्या लहानपणी च्युइंगमसोबत क्रिकेटपटूंची कार्डं निघायची. त्यातली चाळीसेक बिस्किटाच्या डब्यात होती. ती विकून शाहिस्ताला ग्लोव्हज घ्यायचे होते. रविवारी तालुक्याची निवड होती आणि शाळेच्या ग्लोव्हजमधून तिची दोन बोटं बाहेर डोकावत होती. एका कार्डात मात्र तिला खोड दिसली. फोटो विकेटकीपरचा आणि खाली नाव गोलंदाजाचं.

बापाचा सल्ला मानून तिनं ते कार्ड फोटोसकट फोनवर जुन्या वस्तूंच्या ग्रुपात टाकलं : "कोपरा दुमडलेला. नाव साफ चुकलेलं. मागून बोलायचं न्हाय. दोनशे रुपये."

तासाभरात सोलापूरच्या उमाशंकरांचा फोन आला. ते जुनी कार्डं जमवायचे. "कुणाला देऊ नका! असलं चुकीचं छापलेलंच शोधतोय मी. तीन हजार देतो. उद्या येतो सास्तूरला."

शाहिस्ता ही बातमी द्यायला नीरजाकडं पळाली. इकडं तिची अम्मी, मेहनाज मॅडम, कार्ड बघून कळवळली. बाई शाळेत शिकवायच्या आणि आलेली लग्नपत्रिकासुद्धा तपासून ठेवायच्या. गिऱ्हाईक एवढं सोलापूरहून येणार आणि त्याला चुकीचा माल द्यायचा?

दुसऱ्या दिवशी उमाशंकरांनी पांढरे हातमोजे चढवले, भिंग काढलं आणि कार्ड हातात घेतलं. नाव लाल शाईनं खोडलेलं होतं. वर वळणदार अक्षरात बरोबर नाव. खाली सही.

"हे कुणी केलं?"

"मी," मेहनाज शाबासकीची वाट बघत म्हणाली. "आता काही खोड न्हाय."

"अहो बाई, मी खोडच विकत घ्यायला आलो होतो!"

तीस वर्षांच्या दलालीत हैदरनं असं गिऱ्हाईक पाहिलं नव्हतं. "एक लाथाळ बैल हाय," तो आशेनं म्हणाला. "दाखवू का?"

उमाशंकर भिंग पिशवीत टाकून उठले. शाहिस्तानं डब्याचं झाकण लावलं.

"दुसऱ्याचं तर राहिलंच," मेहनाज पुटपुटली.

"दुसरं कुठलं?"

"गोलंदाजाचं. त्याचं नाव ह्याला, ह्याचं त्याला. डब्यात दिसलं मला, पण पेनातली शाईच संपली."

उमाशंकर परत बसले. लेग साइडच्या चेंडूवर झेपावते तशी शाहिस्ता डब्यावर झेपावली. कार्ड कोरं करकरीत होतं आणि नाव शंभर टक्के चुकलेलं! बैलबाजारात भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरतो, त्या सवयीनं हैदरनं पाहुण्याच्या हातावर रुमाल टाकून त्याची बोटं धरली.

"अहो, तोंडानं बोला की!" उमाशंकर दचकले.

"चार हजार," शाहिस्ता बोलली.

"काल तीन ठरले होते, पोरी."

"काल दोन होती. आता एकच उरलंय."

उमाशंकर हसले आणि त्यांनी पैसे मोजले. गाडी वळणाआड गेली तशी शाहिस्ता कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अब्बा, अम्मी, मी ठरवलंय. लाल शाईचं कार्ड विकायचं न्हाय, ते माझ्या ग्लोव्हजच्या पिशवीत राहणार. आन् निवडीचा फॉर्म मीच भरणार. अम्मी, तुला तपासायला मिळणार न्हाय!"