कदीर सरांची अमेरिका

कदीर सर डबा उघडतात, भेंडीची एक फोड तोंडात टाकतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात, "नॅचरलिझम."

म्हणजे काय, हे आम्हा स्टाफरूममधल्यांना आता विचारावं लागत नाही. अमेरिकेतल्या एका काळच्या कादंबरीकारांचं म्हणणं असं, की माणसाच्या हातात काही नसतं; परिस्थिती वळवील तसा तो वळतो. "भेंडीचा कसूर नाही बाप्पा," सर म्हणतात. "गॅस मोठा होता, अन् भाबी तुमची फोनवर होती. भेंडी काय करीन?"

बुलढाण्याच्या आमच्या कॉलेजात सर एम.ए.ला अमेरिकन साहित्याचा इतिहास शिकवायचे. रोज देऊळघाटहून स्कूटरवर येतात. अमेरिका पाहिलेली नाही, पाहायची हौसही नाही. "तिथं जाऊन काय करू? मले ज्याईले भेटाचं होतं, थे सारे मरून गेले." पण समोर येईल ते कुठल्या ना कुठल्या वाङ्मयीन चळवळीत बसवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. आमचे प्राचार्य प्युरिटन, कारण ते सुट्टीची नोटीससुद्धा शिक्षा सुनावल्यासारखी वाचतात. ऑफिस पोस्टमॉडर्न. "कागदाचा अर्थ कोणालेच ठाऊक नाही, तरी सही लागते."

त्यांचा वर्ग माझ्या वर्गाला लागून. मधली भिंत पातळ. सारा इतिहास ते घरातल्या भांडणासारखा सांगायचे. "प्युरिटन बाप म्हणे, हासू नोको, देव पाहून राह्यला. पोरगं तर्क शिकलं, म्हणे, पुरावा दाखव. नातू रोमँटिक निघाला, थेट जंगलात जाऊन बसला. मंग घरातल्या घरात लढाई झाली, भाऊ भावाच्या उरावर बसला. पणतू म्हणे, सपनं पुरे, जे दिसते थे लिहा. हा रिअ‍ॅलिझम!" पुढं महायुद्ध यायचं, आरसा फुटायचा आणि मॉडर्निस्ट तुकड्यातुकड्यांत तोंड पाहायचे. हार्लेमच्या काळ्या लेखकांपाशी आले की मात्र सरांचा आवाज खाली यायचा. "अन् ज्याईले इतके वर्षं घराबाहेर ठेवलं, थे म्हणाले, हे घर आमच्या बापानं बांधलं."

इथल्याच उंद्री गावची प्रतीक्षा त्यांच्या वर्गात होती. बोलता बोलता 'मले' म्हणाली, की जीभ चावायची. कुठल्याशा शिबिरात पुण्याकडच्या मुली हसल्या होत्या तिला.

"काऊन थांबली पोरी?" सर तिला म्हणाले; भिंतीअलीकडून मी ऐकत होतो. "अमेरिकेतले लोक लय दिवस इंग्लंडसारखं लिहून राह्यले होते. मंग नदीकाठचा माणूस जसा बोलते तसं लिहाले लागले, तवा कुठं थे साहित्य त्याईचं झालं. म्हण, मले. जोरात!"

"मले!" सगळा वर्ग ओरडला. माझ्या वर्गातली मुलं लिहायची थांबून हसली. मी मीडिया रायटिंगच्या नोट्स देत होतो.

मी फारसा बोलणारा माणूस नाही. म्हणूनच हे लिहून टाकतो. यंदा सरांचा आणि माझा, दोन्ही पेपर ऐच्छिक झाले. पुरेशी नावं आली नाहीत, तर पेपर बंद. प्रतीक्षा आणि तिच्या मैत्रिणी माझ्याकडे आल्या. "सर, कोन्ता घेऊ?"

"मीडिया रायटिंग," मी म्हणालो. "मार्कही मिळतात, कामही मिळतं."

कारण खरं होतं, पण पहिलं कारण ते नव्हतं. पहिलं कारण भिंतीपलीकडचं ते हसू. माझ्या तासाला कोणी कधी तसं हसलं नाही.

मुली गेल्या, त्यांच्यामागून बाकीचे गेले, आणि अमेरिका बंद झाली. सरांना बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला अर्ज कसा लिहावा हे शिकवायचं काम मिळालं. शेवटी एका रविवारी सगळं सांगून टाकायला मी देऊळघाटला गेलो.

सर ओट्यावर हिरव्या मुगाच्या शेंगा सोलत बसले होते.

"या भाऊ," भाबी म्हणाल्या. "सकायपासून सोलून राह्यले, अन् निम्मे दाणे स्वतःच खाऊन राह्यले."

त्या चहा ठेवायला आत गेल्या. मी म्हणालो, "सर, त्या मुलींना मीच सांगितलं. मीडिया रायटिंग घ्या म्हणून."

"हाव. ठाऊक हाये."

"कोणी सांगितलं?"

"कोण सांगीन? मीच तर पाठवलं होतं त्याईले तुमच्याकडं."

मी ओट्याच्या कडेवर बसलो.

"प्रतीक्षाले नोकरी पाह्यजे, जाधव. माह्या पेपरानं तिले काय भेटन? पण माह्या तोंडातून निघेना. दोनदा तोंड उघडलं, अन् दोन्ही टाइमाले रिअ‍ॅलिझमच सुरू झाला. म्हटलं, जाधव सराईकडं जा. थे बरोबर सांगतीन."

ते 'बरोबर' मला सोसवेना. "मी त्यांच्यासाठी नाही सांगितलं, सर. तुमच्या वर्गातलं हसू मला ऐकवत नव्हतं."

सरांनी हातातली शेंग सोलली. दाणे माझ्या तळहातावर ठेवले. "खा. कवळे हायेत."

मी दाणे तोंडात टाकले तसे म्हणाले, "एक करा. मी पाठवलं, हे त्याईले सांगू नोका. मी नाराज हाये असंच वाटू द्या."

"का?"

"सोडून गेलो अन् सराले काहीच वाटलं नाही, असं दिसलं तर त्याईले वाटीन, त्या विषयात काही नव्हतंच."

दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात प्रतीक्षानं त्यांना नमस्कार केला. सरांनी तोंड फिरवलं, नाटकातल्या रुसलेल्या मामासारखं, जरा जास्तच. ती कावरीबावरी झाली. मला हसू आलं. हे सोंग आहे, हे तिथं फक्त मला ठाऊक होतं.

सर स्टाफरूममध्ये आले, खुर्चीवर बसले. आत मी एकटाच होतो, आता कोणाला काही दाखवायचं नव्हतं. तरी त्यांचा चेहरा तसाच रुसलेला होता.