दोन हिसके

दिसेल त्या दोरीला दोन हिसके दिल्याशिवाय बसाप्पा अण्णा पुढं जात नसत. कपडे वाळत घालायची दोरी असो नाहीतर मांडवाचा तणावा, पहिला हिसका हलका, दुसरा दणदणीत. मग निकाल. "हाय जीव." किंवा "न्हाय जीव." माझ्या मावशीच्या साखरपुड्यात त्यांनी मांडवाला "न्हाय जीव" म्हणत दुसरा हिसका दिला आणि अख्खा मांडव पाहुण्यांच्या डोक्यावर आला. अण्णांना जराही वाईट वाटलं नाही. आत्ता पडला ते बरं झालं, जेवताना पडला असता म्हणजे, असं त्यांनी नवऱ्या मुलाच्या बापालाच विचारलं.

अण्णा मूळचे नेसरीकडचे. कोल्हापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दोराचं दुकान होतं. कासरे, शिंकाळी, पाळण्याच्या दोऱ्या, सगळं घायपाताचं आणि स्वतःच्या हातानं वळलेलं. नायलॉन हा शब्द ते शिवीसारखा उच्चारत. कुणी नायलॉनची दोरी मागितली, की "पावणं, फुडच्या दुकानात जावा," म्हणून वाट दाखवत. यानं धंदा बसणार हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही दिसत होतं. समजवायला गेलं तर ते सगळं ऐकून घेत आणि आणखी एक कासरा वळायला घेत.

नागपंचमीला चिंचेला झोका बांधायचा मान त्यांचाच. पण आम्हा पोरींना लगेच बसायला मिळत नसे. आधी अण्णा धोतराचा काचा मारून स्वतः झोक्यावर उभे राहत आणि डोळे मिटून, ओठ गच्च दाबून चांगले वीस झोके घेत. आम्ही हसून हसून लोळायचो. उतरल्यावर ते तडक घरी जात. त्यांची बायको, आमच्या अक्का, सांगत की त्या दिवशी ते पुरणाच्या दिंडांनासुद्धा हात लावत नाहीत. देवाचं काहीतरी असेल, असं आम्ही धरून चाललो होतो.

गल्लीत मोबाईल अजून एकाच माणसाकडं होता, त्या काळातली गोष्ट. आम्ही सगळ्यांनी मिळून गाडी केली आणि राधानगरीमार्गे कोकणात गेलो. तिथं समुद्रातल्या एका खडकावर जायला दोरांचा झुलता पूल होता. साठी आली तरी अक्कांनी समुद्र पाहिला नव्हता. गाडीत बसतानाच त्यांनी जाहीर करून टाकलं, की त्या पुलावरून आपण जाणार, आणि कुणी अडवलं तरी जाणार. कुणी म्हणजे कोण, हे सगळ्यांना कळलं.

पुलावर दहा-दहा माणसं सोडत होते. आमची पाळी आली तसे अण्णा पुढं झाले, दोराला दोन हिसके दिले, वास घेतला आणि रखवालदाराला म्हणाले, की काथ्यात नायलॉनची भेसळ आहे, आधी मी एकटा जाणार. एकट्याला सोडत नाही, असं रखवालदार म्हणाला. अण्णांनी पुलाच्या तोंडावरच बसकण मारली. मागं ही रांग खोळंबलेली. रोज हजार माणसं या पुलावरून जातात, असं रांगेतला एक टोपीवाला त्यांच्यावर खेकसला.

"जाईनात का," अण्णा म्हणाले. "त्यात माझी बायको न्हवती."

मला लाज वाटली, खोटं कशाला सांगू. गल्लीतली बाकीची माणसं ओळख नसल्यासारखी समुद्र बघू लागली. अक्का मात्र चपला हातात घेऊन शांत उभ्या होत्या. शेवटी रखवालदारच हरला.

अण्णा निघाले. एकही गाठ न चाचपता सोडली नाही. मधोमध उभं राहून त्यांनी तीन उड्या मारल्या, तशा रांगेतून शिट्ट्या वाजल्या. पलीकडं पोचून त्यांनी हात वर केला. "हाय जीव. ये आता."

अक्का लुगडं खोचून निघाल्या, मी मागं. मध्यावर थांबून त्यांनी खाली फेसाळणाऱ्या पाण्याकडं बघितलं आणि मोठ्यानं हसल्या. त्यांना इतकं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. पलीकडं जाऊन बघते तर अण्णा खडकाला पाठ लावून बसलेले, तोंड पांढरंफटक. मी पाण्याची बाटली काढायला लागले, तर अक्कांनी मला बाजूला ओढलं.

"उंचीला लई भित्यात," त्या हळूच म्हणाल्या. "लगीन झाल्यापास्नं बघतोय मी. पंचमीच्या झोक्यावर बी डोळं मिटूनच चढत्यात. मला ठावं हाय, ह्ये त्यास्नी ठावं न्हाई."

दर पंचमीला हा माणूस जीव मुठीत धरून आमच्यासाठी झोक्यावर उभा राहत होता आणि आम्ही दात काढत होतो. मला स्वतःचाच राग आला.

परतायची शिट्टी झाली. अण्णा उठेनात. खाऱ्या वाऱ्याचा काय भरवसा, मघाचा दोर आता तसा राहिला नसेल, तुम्ही व्हा पुढं, मी बसतो इथंच, असं म्हणू लागले.

अक्कांनी वाद घातला नाही. कमरेला खोचलेला पदर सोडला आणि त्याचं टोक त्यांच्या हातात दिलं.

"ह्यो धरा," त्या म्हणाल्या. "आन् पाण्याकडं बगू नगा. माझ्या मागनं या."

अण्णांनी पदराकडं बघितलं, मग अक्कांकडं. सवयीनं त्याला दोन हिसके दिले. पहिला हलका, दुसराही हलकाच. मग त्यांनी डोळे मिटले आणि पुलावर पाय टाकला.