शाणूकाकांची पेज आणि गोसाव्याचा चौथा भाग

शुक्रवारी सकाळी बाबली पेडण्याच्या बाजारातून मासळी घेऊन आला आणि पिशवी ओट्यावर ठेवायच्या आधीच म्हणाला, "धारगळच्या शाणूकाकांनी जेवण सोडला म्हणतत."

विमला कांदा चिरत होती. तिची सुरी थांबली. "कधीपासून?"

"चार दिस जाले."

"आणि गेम कधी येतली?"

"गुरवारी."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तिसऱ्या माणसाला यातलं काही कळलं नसतं, म्हणून थोडं मागचं सांगायला हवं.

बाबली मुरगाव बंदरात क्रेनवर होता. निवृत्त होऊन चार वर्षं झाली. तरुणपणी दोघं वास्कोला एका खोलीत राहायची. तिथे एका खलाशाकडून बाबलीने टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम घेतला. गेमचं नाव ‘टॉवर मंक’. टक्कल केलेला एक साधू हातात काठी घेऊन उंच मनोऱ्यावर चढतो आणि आडवा येईल त्याला बडवतो, एवढंच त्यात होतं. विमलाने पहिल्याच दिवशी त्याचं नाव गोसावी ठेवलं. दोन कंट्रोलरपैकी एकाची वायर उंदराने खाल्ली, तेव्हा एकच दोघांनी मिळून धरायचा असं ठरलं. डावीकडची बटणं विमलाकडे, उजवीकडची बाबलीकडे. गोसाव्याला चालवायची ती आणि मारामारी करायचा तो. एकट्याने खेळायला दोघांनाही कधी जमलं नाही.

गोसाव्याचे तीन भाग आले. तिसऱ्याच्या शेवटी तो धुक्यातल्या पुलावरून खाली पडला आणि तो गेम काढणारी कंपनीच बंद झाली. त्यालाही वीसवर वर्षं झाली. गोसावी मेला की वाचला, यावर त्या घरात अजून वाद होत असे.

"पडलो ता दाखवल्यानी," विमला म्हणायची. "मेलो ता खंय दाखवल्यानी?"

गेल्या वर्षी पुण्याहून मुलीचा, ऋतिकाचा फोन आला. दुसरी एक कंपनी चौथा भाग काढणार होती, तोही हातात धरून खेळायच्या छोट्या कन्सोलवर. ऋतिकाने दोन्ही वस्तू आईबाबांसाठी सांगून ठेवल्या. तेव्हापासून बाबली रोज संध्याकाळी मोबाईलवर त्याची बातमी शोधायचा. दीड मिनिटाची जाहिरात आली, ती दोघांनी चाळीस वेळा तरी पाहिली. गोसाव्याची दाढी पांढरी झाली होती.

"तो पण आमच्यासारखो म्हातारो जालो गो," बाबली म्हणाला.

"पण गुडघे बरे आसत तेचे," विमला म्हणाली.

पार्सल गुरुवारी यायचं होतं. रविवारी विमला पुण्याला जाणार होती, कारण ऋतिकाचे दिवस भरत आले होते. तीन महिने तरी ती परतणार नव्हती. म्हणजे गोसाव्यासाठी गुरुवार, शुक्रवार, शनिवार एवढेच दिवस हाताशी होते. आणि आता शाणूकाकांनी जेवण सोडलं होतं.

शाणूकाका बाबलीच्या भाऊबंदांतले. ते गेले तर दहा दिवस सुतक.

"सुतकात देवाकडे दिवो लावूचो नाय," विमला म्हणाली. "मग नव्या वस्तूक कुंकू खंय लावतलंय?"

"नाय लावला तर?"

"फ्रीज विसारलात?"

फ्रीज बाबली विसरला नव्हता. चौदा वर्षांपूर्वी तो सुतकात आला, कुंकवाशिवाय चालू केला आणि आठव्या दिवशी बंद पडला. दुरुस्तीवाल्याला आत पाल सापडली होती. विमलाच्या मते पाल निमित्तमात्र होती.

"समज, गुरवारी कुंकू लावला आणि ते शुक्रवारी गेले तर?" बाबलीने विचारलं.

"मग काय! घरातलो माणूस गेलेलो आणि आमी गोसाव्याक उड्यो मारूक लावतलंव? लोक काय म्हणतले?"

"म्हणजे शनवार रातीपर्यंत..."

"शनवार रातीपर्यंत शाणूकाकांक काय्येक होता नये."

हे तिने देवाला सांगितलं होतं. बाबलीने ते स्वतःला सांगितलं असं धरलं. दुपारी त्याने उकड्या तांदळाची पेज डब्यात भरली, सोबत सुक्या बांगड्याची किसमूर, म्हणजे खोबरं घालून केलेली कोशिंबीर घेतली आणि स्कूटर काढून धारगळला गेला.

शाणूकाका एक्याण्णव वर्षांचे. एके काळी दशावतारात राक्षसाचं काम करायचे. आता भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यांचा मुलगा सुदेश कामावर गेला होता आणि सून संजना उशाशी वाटी घेऊन बसली होती.

"डॉक्टरांनी हलका द्या म्हणून सांगल्यानी, भावोजी," ती म्हणाली. "मी ओट्स करतंय. पण हे तोंडच उघडनत नाय."

"काकानू, पेज हाडलंय," बाबली म्हणाला.

"कसली?" भिंतीकडून आवाज आला.

"उकड्या तांदळाची. आणि किसमूर."

शाणूकाका वळले. मग उठून बसले. मग डबा संपेपर्यंत कोणाशी काही बोलले नाहीत. त्यांनी जेवण सोडलंच नव्हतं, फक्त ओट्स सोडले होते.

"चार दिस माका घोड्याचा खाणा घातल्यानी," ते बोटं चाटत म्हणाले. "उद्या येतलंस मरे?"

"रोज साडेबाराक येतंय!" बाबली म्हणाला. विमलाला त्याने तिथूनच फोन केला. "एक दिस गेलो. आठ रवले."

शनिवारी काका पडवीत येऊन बसले. रविवारी त्यांना तळलेला बांगडा हवा झाला. इथवर सगळं ठीक होतं. पण सोमवारी बाबली पोचला तर खाट रिकामी. काका हायवेपलीकडच्या हॉटेलात चहा प्यायला निघाले होते आणि रस्त्याच्या मधोमध काठी टेकून ट्रकवाल्याला शिव्या देत होते.

बाबलीने स्कूटर टाकली, धावत जाऊन त्यांना मिठी मारली आणि अक्षरशः उचलून कडेला आणलं. पडून असलेला म्हातारा सांभाळणं सोपं होतं, चालणारा फारच धोक्याचा निघाला. मग बाबलीने घर तपासायला घेतलं. न्हाणीतलं शेवाळ त्याने स्वतः घासून काढलं. अंगणातल्या माडाचे सुके नारळ पाडून घेतले. काकांना विहिरीवर जायला बंदी केली. दुपारच्या उन्हात ते पडवीच्या पायरीवर गेले तरी हा छत्री घेऊन मागे उभा.

"इतक्या प्रेमान पोटचो झील करना नाय," शेजारणी म्हणू लागल्या.

पोटच्या झिलाने, म्हणजे सुदेशने, हे ऐकलं. त्याला ते लागलं. आणि मग त्याला दुसरीच शंका आली. काकांच्या नावावर हायवेला लागून जमिनीचा एक तुकडा होता.

मंगळवारी तो दुपारचा जेवायला घरी आला आणि त्याने बाबलीला अंगणातच अडवलं. "दादा, सात वर्सां तू या घरात इलंस नाय. चवथीक सुदीक नाय. आता न्हाणी घासतंस?"

"निसरडी होती रे."

"ती माज्या जल्मापासून निसरडी आसा."

बाबलीला खरं सांगता येईना. जिवंत माणसाच्या मुलाला ‘तुझा बाप मेला तर आमचा गेम अडतो’ हे कोणत्या शब्दांत सांगायचं? तो नुसता हसला. सुदेशने ते हसणं बरोबर लक्षात ठेवलं.

बुधवारी शाणूकाकांनी स्वतःच जाहीर केलं, "उद्या अकरा वाजता सगळे हयसर बसा. विमलाक पण हाड. माका सगळ्यांसमोर एक गजाल विचारूची आसा."

सुदेशने गुरुवारची रजा टाकली.

गुरुवारी साडेनऊला पार्सल आलं. विमलाने ते दोन्ही हातांत धरून पाहिलं, वजन घेतलं, पण उघडलं नाही. अकराच्या आत धारगळला पोचायचं होतं, आणि कुंकू घाईत लावायची वस्तू ही नव्हती. ते घरी ठेवून जायला मात्र तिचं मन होईना. तिने ते पदराखाली घेतलं आणि स्कूटरवर मागे बसली.

पडवीत काका खुर्चीवर, सुदेश आणि संजना बाकावर. बाबली आणि विमला त्यांच्या समोर बसली. सुदेशची नजर पदराखालच्या खोक्यावर गेली. त्यात कागदपत्रं असणार, हे त्याने मनाशी नक्की केलं.

"बाबली," शाणूकाका म्हणाले. राक्षसाचा आवाज अजून शाबूत होता. "सात दिस तू माका पेज भरवतंस. माज्या मागसून छत्री घेवन फिरतंस. कित्याक? जमीन होई तुका?"

"नाय हो काकानू!"

"मग काय होया?"

बाबलीने विमलाकडे पाहिलं. विमलाने जमिनीकडे पाहिलं. सुटका नव्हती.

"तुमी शनवारपर्यंत मरता नये, एवढाच होया," बाबली म्हणाला.

संजनाने तोंडाला पदर लावला.

"आणि आयतवारी?" काकांनी विचारलं. "आयतवारी मी मोकळो?"

मग बाबलीने सगळं सांगितलं. गोसावी, पूल, वीस वर्षं, सुतक, कुंकू, फ्रीज, पाल. मधे मधे विमला दुरुस्त्या करत होती. सांगून झाल्यावर त्याची मान खाली गेली. सुदेशला रागवायचं होतं, पण जमीन वाचल्याचा आनंद इतका झाला होता की त्याला तोंड वाकडंही करता येईना.

शाणूकाकांचे खांदे हलू लागले. संजना पाणी आणायला उठली. तेव्हा कळलं की ते हसत आहेत. डोळे पुसून ते म्हणाले, "दशावतारात हजार येळा मेलंय मी. पण इतकी काळजी माज्या मरणाची कोणी करूक नाय रे! हाड बघया तो गोसावी."

"हयसर?" विमला दचकली.

"हयसर देव नाय? दिवो लाव, कुंकू लाव. मी जितो आसंय तोवर सगळा चलता."

विमलाने काकांच्या देवघरात समई लावली. खोक्याला हळदकुंकू वाहिलं. कन्सोल बाहेर निघाला तो वहीएवढा. दोघं खांद्याला खांदा लावून बसली, डावी बाजू तिने धरली, उजवी त्याने. काका मधोमध मान घालून बघू लागले आणि सुदेश, नको नको म्हणत, त्यांच्या मागे उभा राहिला.

पडद्यावर धुकं आलं. मग पूल. मग पुलाखालून एक हात वर आला आणि त्याने दोर पकडला.

"जितो आसा!" विमला ओरडली. "सांगलंय नाय मी?"

पुढचे दोन तास गोसावी पहिल्याच मजल्यावर एकोणीस वेळा मेला. काकांना त्याची लढाईच पसंत नव्हती.

"मुकाट्यान मारता कसो? आधी गर्जना करूक होई! तो समोरचो राक्षस बघ, तेका काम येता. एका जाग्यार उभो रवता. खरो राक्षस तसोच रवता."

विसाव्या खेपेला राक्षस पडला. काकांना थोडं वाईट वाटलं.

"किती मजले हेचे?"

"बारा," बाबली म्हणाला.

"आणि शनवारपर्यंत किती जातले?"

"तीन. फार तर चार."

"म्हणजे आयतवारी माका मरूक जमाचा नाय," शाणूकाका म्हणाले. "उरलेले विमला पुण्यासून इल्यावर. तोपर्यंत तेका कोणी हात लावचो नाय."

शनिवारी रात्री गोसावी चौथ्या मजल्याच्या दारात पोचला. रविवारी विमला पुण्याच्या बसमध्ये बसली. कन्सोल तिने स्वतः कपाटात ठेवला आणि किल्ली सोबत नेली. नवऱ्यावर तिचा विश्वास होता, पण तीन महिने म्हणजे फार झाले.

सोमवारी सकाळी बाबलीला करायला काही नव्हतं. घर शांत होतं. आता शाणूकाका गेले असते तरी गोसाव्याचं काही अडणार नव्हतं, विमला परत येईपर्यंत सुतक केव्हाच फिटून गेलं असतं. त्याने दोन वेळा अंगण झाडलं. मग तांदूळ धुतले.

धारगळला पोचायला दुपारचा एक वाजला. जेवायला घरी आलेला सुदेश पडवीत होता. त्याने डब्याकडे पाहिलं.

"दादा, शनवार कधीच गेलो."

"होय रे," बाबली म्हणाला. त्याने डबा तसाच पुढे धरला.

सुदेशने बाकावर सरकून त्याला जागा करून दिली. आत शाणूकाका ताट समोर घेऊन बसलेच होते. ताट रिकामं होतं.

"साडेबारा म्हणजे साडेबारा," ते म्हणाले. "उद्या उशीर नाका."