शेवटचा चमचा

घर सांभाळायचं म्हणजे किल्ली सांभाळायची, असा जयेशचा समज होता. वृंदाकाकूंनी तो निघण्याआधीच्या रविवारीच मोडीत काढला. काकू आणि विश्वनाथकाका महिनाभर बंगळुरूला लेकीकडे जाणार होते आणि फरीदाबादचा फ्लॅट जयेशच्या हवाली होणार होता. परीक्षेच्या तयारीसाठी अंबडहून आलेला जयेश करोलबागेतल्या पार्टिशनच्या खोलीत राहायचा. तिथं खिडकी नव्हती आणि डब्यातल्या भाजीला चव नव्हती. महिनाभर स्वयंपाकघर असलेल्या घरात राहायला मिळणार, या विचारानं तो आठवडाभर अभ्यास सोडून वरणभाताची स्वप्नं पाहत होता.

"तुळस सुकली तर दुसरी लावीन," काकूंनी चिनी मातीचा छोटा सट त्याच्यापुढं ठेवला. "पण हे गेलं तर गेलंच. सासूबाईंनी नाशिकहून आणलेलं विरजण. त्या गेल्या, हे अजून आहे. रोज दूध विरजायचं आणि दही कितीही आवडलं तरी शेवटचा चमचा राखायचा."

"बिल्कुल, काकू!"

"चलो, मग आज रंगीत तालीम," काका म्हणाले, आणि दोघं दिल्लीतल्या कोपर्निकस मार्गावरच्या, आपल्या राज्याच्या सदनात जेवायला गेले.

जयेशनं भात लावला, दही कालवलं, वर मोहरी-मिरचीची फोडणी दिली. पहिला घास त्यानं डोळे मिटून खाल्ला. दिल्लीला निघताना आईनं हातावर ठेवलेलं दही असंच होतं. आईच्या आठवणीत त्यानं आणखी भात घेतला, आणखी दही घेतलं आणि शेवटी सट बोटानं पुसून लख्ख केला. मग तो भानावर आला.

धावत जाऊन त्यानं बाजारातून दह्याचं पाकीट आणलं. पण ते सटात ओतलं तर नुसतं पाणी सुटलं. पुरावा उरायला नको म्हणून तेही त्यानं भाताबरोबर संपवलं. आता पोट गच्च आणि सट रिकामा! शेवटी विरजण मागायला त्यानं शेजारच्या खुराना आंटींची बेल दाबली.

"आंटी, थोडा जामन मिलेगा?"

"क्यूं नहीं पुत्तर! बरतन तो दे."

संध्याकाळी काकूंनी आल्या आल्या सटात चमचा घातला. "वा! ही आमच्या सासूबाईंची चव! अहो, किती नीट राखलंय बघा पोरानं!"

कौतुक वाढत चाललं तसा जयेश चोरट्यासारखा भिंतीला टेकला. आता घर हातचं जाणार हे दिसत असूनही त्याला राहवेना. "काकू, ते मी खाल्लं. हे खुराना आंटींचं आहे."

"सगळं खाल्लंस?"

"सट चाटला. माफ करा. मी जातो."

काकू खुर्चीत बसल्या आणि हसायला लागल्या. "अरे, तिला विरजण मीच दिलं होतं! चव ओळखली म्हणजे माझी जीभ शाबूत आहे." मग त्यांनी सट जवळ ओढला. "आमच्या लेकीला, कृतिकाला विरजण हा शब्दसुद्धा माहीत नाही. या घरात सट चाटणारं कुणी उरलंच नव्हतं रे."

निघायच्या सकाळी बॅगा दाराशी आल्या, तेव्हा काकूंनी सट जयेशच्या हातात दिला. "निघणाऱ्याच्या हातावर घरातल्या माणसानं दही ठेवायचं असतं. सासूबाई गेल्यापासून आम्ही एकमेकांच्याच हातावर ठेवतोय. आज तू ठेव."

त्यानं जपून दोघांच्या तळव्यांवर दही ठेवलं.

"येतो रे," दोघं म्हणाले.

अंबडच्या दारात हे नेहमी तो म्हणायचा. दाराच्या आत उभं राहून ऐकायची ही पहिलीच वेळ होती. आईला दर वेळी असंच होत असेल, या विचारानं त्याला गलबलून आलं.

दार लागलं. एवढं मोठं घर एकदम गप्प झालं. सटाच्या तळाशी चमचाभर दही उरलं होतं. जयेशनं हळूच चमचा उचलला.

तेवढ्यात फोन वाजला. काकू खाली टॅक्सीतही बसल्या नव्हत्या.

"जयेश, तो चमचा खाली ठेव."

जयेशनं निमूटपणे चमचा खाली ठेवला.