तात्यांची भवानी

तमाम जनतेस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, सुप्याच्या अलीकडे आमच्या वाडीत राहणारे तात्या रोज दिवस मावळताना बांधावर उभे राहून एका लांडगिणीला शिव्या देतात. आजवर एकही खाडा नाही.

पूर्वी हा मान त्यांच्या बायकोचा, म्हणजे काकूंचा होता. दोघांची रोजची जुंपलेली आमच्या भिंतीतून ऐकू यायची. काकू गेल्या आणि त्या घरात भांडंसुद्धा वाजेनासं झालं. मग तात्या बांधावर जाऊ लागले.

लांडगिणीचं नाव भवानी. दर साली तात्यांचं एखादं कोकरू ती नेतेच. वनखात्याकडे भरपाई मागा, असं मी सुचवलं, तर माझ्यावरच उखडले.

"भरपाई कशाची, गुरुजी? वाटा हाय तिचा. आज्याच्या येळंपास्नं हाय."

मग शिव्या कशाला?

"न्हेताना इचारलं का तिनं? कायदा हाय का न्हाय?"

बरं, वैर म्हणावं, तर ऐन चैत्रात सायकलला घागरी बांधून माळावरचा पाणवठा हेच भरणार. ओततानाही तोंडाचा पट्टा चालूच. थंडीत एक फोटोवाला तिच्या बिळाशी गेला, त्याला काठी घेऊन दोन शेतं पळवला. का, तर ती बाळंतीण! मी शेजारी असून मला कळेना, हा माणूस नक्की कुणाच्या बाजूचा.

बाहेरून आलेल्या एका शेठला मात्र लगेच कळलं. त्याला खडी क्रशरसाठी माळावरची टेकडी हवी होती आणि त्यासाठी ग्रामसभेचा ठराव. जीपमधून त्यानं तात्यांच्या शिव्या ऐकल्या आणि हरखला. सभेत तात्यांना फेटा बांधून पुढं बसवलं. सुरुंग लागले की लांडगे पाच कोस पळतील, तात्यांचा जाच कायमचा मिटेल, असं भाषण ठोकलं. सरपंचबाईंनी हात वर करायला सांगितलं. निम्म्या गावाचे झाले. तात्यांचाही उठला. अर्ध्यावर थांबला, खाली आला, परत वर गेला. मग त्याच हातानं त्यांनी फेटा उतरवून शेठच्या मांडीवर ठेवला आणि काहीतरी बोलले.

त्यानंतर वर गेलेले हात एकेक करून खाली आले, कुणी मान खाजवायला लागलं, कुणी टोपी सारखी करायला. ठराव बारगळला. टेकडी आहे तिथंच आहे.

तात्या काय बोलले, ते सांगायचं राहिलंच.

"ती बी गेली, तर सांजचं मी भांडू कुणासंगं?"